उघडलंच आहे तर...

गॅरेजचं एस्टिमेट वाचण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. नजर वरच्या मोठ्या आकड्यांवरून घसरत खाली येते आणि सगळ्यांत लहान आकड्यावर ठाण मांडते. टायमिंग बेल्टचा किट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, कूलंट, मजुरी या हजारांच्या ओळी आपण मुकाट्याने मान्य करतो. त्यातलं आपल्याला काही कळत नसतं आणि कळत नाही हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं. तळाशी मात्र दोन किरकोळ ओळी असतात: क्रँक ऑइल सील, कॅम ऑइल सील. किंमत काही शे रुपये. इथे आपल्याला कंठ फुटतो. "हे कशाला?"

बंगळूरच्या सर्जापूर रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, कायम उभा असलेला पाण्याचा टँकर आणि कायम बांधकाम चालू असलेली पीजीची इमारत यांच्या मधल्या फटीत आमचं गॅरेज आहे. मालकच मेस्त्री आहे; तो गिऱ्हाइकाचा चेहरा बघून कन्नड, तमिळ, तेलुगू लावतो. माझ्या गाडीची एमएच-०९ पाटी बघून त्याने पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी बंगळुरी दखनी लावली आहे. सील गळतंय का, असं मी विचारलं.

"अब्बी नहीं सार्."

मग बदलायचं कशाला?

"खोले सो हैइच ना सार्," तो म्हणाला आणि पान्याने पाठ खाजवू लागला. त्याच्या मते विषय संपला होता.

हे वाक्य मी आधीही ऐकलेलं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ते "आता उघडलंयच म्हटल्यावर टाकून घ्या की ओ सायेब" असं ऐकू येतं. तिथल्या मेस्त्रीने असं म्हटलं की गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येतो, कारण सायबांना नक्की काय काय टाकून घ्यावं लागणार याला वरची मर्यादा नसते. या वाक्याने लोकांची इंजिनं रिबोअर झालेली आहेत. पण ऑइल सीलच्या बाबतीत ते वाक्य तंतोतंत खरं आहे, आणि खरं असल्यामुळे जास्त चीड आणतं.

कारण सील बसलेलं असतं बेल्टच्या मागे. तिथे पोचायचं तर आधी चाक काढा, मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक काढा, इंजिनाखाली जॅक लावून एका बाजूचं माउंटिंग सोडा, बाहेरचा फॅन बेल्ट काढा, मग क्रँक पुलीचा बोल्ट. हा बोल्ट कंपनीत ज्याने आवळला त्याचं त्या दिवशी घरी भांडण झालेलं असावं. आमच्या गॅरेजात पान्याला लांब पाइप लावून दोन पोरं त्यावर लोंबकळली, तेव्हा तो 'टण्' असा आवाज करून सुटला आणि ती दोघंही खाली बसली. त्यानंतर कव्हर, बेल्ट, दातेरी चक्र. आणि मग मागे, दांड्याभोवती गुपचूप बसलेली ती काळी कडी दिसते. ती बदलायला पंधरा-वीस मिनिटं. तिच्यापर्यंत जाऊन परत यायला अर्धा दिवस. म्हणजे पैसे सीलचे नाहीतच, सीलपर्यंतच्या प्रवासाचे आहेत. आणि प्रवास तर बेल्टच्या निमित्ताने झालेलाच आहे.

आता हे सील न बदलता इंजिन पुन्हा जोडून टाकलं, आणि दोन वर्षांनी ते पाझरायला लागलं, तर तोच प्रवास पुन्हा. वर आणखी एक दंड. पाझरलेलं तेल समोरच्या बेल्टवर उडतं, आणि बेल्टच्या रबराला इंजिन ऑइल मानवत नाही. ते फुगतं, मऊ पडतं, दाते सुटू लागतात. बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत पाळीपाळीने ये-जा करतात. कोणी कधी यायचं याचं वेळापत्रक बेल्टकडे असतं. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हा हिशेब चुकला की दोघे एकाच वेळी त्या जागेत येतात, व्हॉल्व्ह वाकतात, आणि मग जे एस्टिमेट येतं त्यावर आपण सर्वांत लहान आकडा शोधत बसत नाही. आपण खुर्ची शोधतो.

हे सगळं मी घरी जरा रंगवून सांगितलं. ऑइल सील म्हणजे काय, त्याला बाहेरून लोखंडी कडं असतं, आत रबराचा नाजूक ओठ, ओठाच्या मागे केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग, आणि हा ओठ फिरत्या दांड्याला कसा अलगद धरून बसतो, इथपर्यंत आलो होतो.

"म्हणजे कुकरची रिंग," बायको म्हणाली.

मी म्हटलं की कुकरच्या रिंगेतून मिनिटाला आठशे वेळा फिरणारा पोलादी दांडा जात नाही.

"रिंग कडक झाली की बाजूने वाफ जाते. मग बदलायची. तू मागच्या वेळी तीही 'अजून चालेल' म्हणाला होतास, आणि डाळ भिंतीवर गेली होती."

यावर मी जे काही बोलणार होतो ते पुढच्या परिच्छेदात घालतो, कारण घरात ते कोणी ऐकून घेतलं नाही.

हे सील सुरुवातीला रबराचं नव्हतंच. जर्मनीत वाइनहाइम नावाचं गाव आहे. तिथली फ्रॉयडेनबर्ग ही १८४९ सालची कंपनी, धंदा चामडं कमावण्याचा. १९२९ च्या मंदीत चामड्याला गिऱ्हाईक उरेना, तेव्हा त्यांनी मोटारींसाठी चामड्याची ऑइल सीलं करायला घेतली. वाल्टर सिमर नावाच्या इंजिनियरच्या नावावरून त्यांना सिमररिंग म्हणू लागले, आणि पुढे काही वर्षांत चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. आजही कंपनी सीलं करते आणि जगभर विकते. आता चामडं कमावण्यात कोल्हापूर काय मागे होतं? त्या मंदीत तिथल्या एखाद्याने चपलेचा अंगठा बाजूला ठेवून इंजिनाच्या दांड्याचं माप घेतलं असतं तर आज जगातल्या गाड्या कोल्हापुरी सीलवर चालल्या असत्या, आणि नवं सील करकर वाजतं म्हणून लोकांनी त्याला मुद्दाम तेल पाजलं असतं.

रबराचा तो ओठ फिरत्या दांड्याला खरं तर जवळजवळ टेकतच नाही. मध्ये तेलाचा अगदी पातळ पापुद्रा असतो, त्यावर तो तरंगतो. अगदी कोरडा ठेवला तर जळतो. म्हणजे तेल अडवायला नेमलेला हा गडी स्वतः थोडं तेल पिऊनच कामावर उभा राहतो. आपल्याकडे दारूबंदी खात्याबद्दल असंच काहीसं बोललं जायचं.

हे सील म्हातारं कशाने होतं? उष्णतेने आणि घासण्याने. गाडीचं पुस्तक मात्र किलोमीटरमध्ये बोलतं. कोणाच्या पुस्तकात बेल्टला ६० हजार किलोमीटर, कोणाच्या १ लाख, पुढे 'किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते'. हे पुस्तक लिहिणारा माणूस आमच्या सर्जापूर रोडच्या इब्लूर जंक्शनला कधी संध्याकाळी सहा वाजता आलेला नाही. पुस्तकाच्या मागच्या पानांत बारीक अक्षरांत 'खडतर परिस्थिती' अशी एक यादी असते आणि त्यात काम लवकर करून घ्या असं म्हटलेलं असतं. इंजिन दीर्घकाळ निष्क्रिय चालू ठेवणे, वारंवार थांबणे-निघणे, धूळ, कमी वेगाने चालवणे, ट्रेलर ओढणे. ही खडतर परिस्थिती नव्हे, हा सर्जापूर रोडचा पत्ता आहे. यातलं फक्त ट्रेलर ओढणं आमच्याकडून होत नाही, आणि तेही ट्रेलरला शिरायला जागा नसते म्हणून.

टॉमटॉम नावाची कंपनी जगातल्या शहरांची गर्दी मोजते. तिच्या २०२४ च्या यादीत बंगळूरला १० किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागतात असा हिशेब आहे. पुण्याला ३३ मिनिटं २२ सेकंद. जगात बंगळूर तिसरं, पुणे चौथं. हे अंतर ४८ सेकंदांचं आहे, आणि माझे पुण्याचे मेहुणे हे ४८ सेकंद मनाला लावून घेऊन बसले आहेत. हिंजवडीचा पावसाळा मोजणीत धरला नसणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पण सरासरीत काय ठेवलंय? आपण सीलच्या बाजूने हिशेब करू. गाडी जागेवर उभी आणि इंजिन चालू असताना क्रँक मिनिटाला साधारण ८०० फेरे मारतो. तासाला ४८ हजार. आता अगरा तलावाकडून निघून इब्लूरच्या अलीकडे-पलीकडे एक तास गेला आणि गाडी २ किलोमीटर सरकली, असं समजा. (असं समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.) सील जिथे बसतं तिथे दांडा ३८ मिलिमीटर जाडीचा धरला, तर एका फेऱ्यात त्याचा पृष्ठभाग सुमारे १२ सेंटिमीटर सरकतो. गुणाकार करा. त्या तासात सीलच्या ओठाखालून जवळजवळ पावणेसहा किलोमीटर पोलाद घासून गेलेलं असतं. गाडी २ किलोमीटर गेली, सील पावणेसहा. म्हणजे सर्जापूर रोडवर मोटारीतला सर्वांत जास्त प्रवास केलेला भाग म्हणजे ज्याला जागचं हलायची परवानगीच नाही तो.

तेच ४८ हजार फेरे महामार्गावर करायला किती वेळ लागतो? ताशी ८० च्या वेगाला इंजिन २००० वर असेल, तर २४ मिनिटं. तेवढ्यात गाडी ३२ किलोमीटर जाते. कोल्हापुरातून पुण्याकडे निघालेला माणूस तेवढ्यात किणीचा टोलनाका मागे टाकून पुढे गेलेला असतो, शिवाय त्याच्या इंजिनावर समोरून वारा लागतो. आमच्या इंजिनावर समोरच्या टँकरचा धूर लागतो. बॉनेटखाली भट्टी पेटते, पंखा ओरडत असतो, रबर त्यात शिजत असतं, आणि ओडोमीटर म्हणतो, २ किलोमीटर, गाडी अगदी नवी आहे हो. सेकंडहँड गाड्यांच्या जाहिरातीत 'बंगळूरची, कमी चाललेली' असं लिहिलेलं असतं. अशी गाडी घेणाऱ्याने किलोमीटर विचारू नयेत, मालकाने गाडीत बसून किती पॉडकास्ट संपवले ते विचारावं.

आमच्या सोसायटीत गाडीवाल्यांचे दोन पंथ आहेत. एक साखळीवाले, एक बेल्टवाले. पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या काळी टायमिंगला साखळीच असे. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती दातेरी रबरी पट्टा घेऊन. त्या गाडीने देशाला बरंच काही शिकवलं, त्यात बेल्ट वेळेवर बदलायचा असतो हेही शिकवलं, पण हा धडा लोकांनी ऑप्शनला टाकला. पुढे फियाटचं १.३ लिटर डिझेल आलं, मारुती, टाटा, शेवरोले सगळ्यांनी ते घातलं, त्यात परत साखळी. त्यामुळे जुनी स्विफ्ट डिझेल बाळगणारा माणूस बेल्टवाल्याकडे फार दयेने बघतो. "आमची साखळी. लाइफटाइम." लाइफटाइम म्हणजे नेमकं कोणाचं, गाडीचं, साखळीचं की वॉरंटीचं, हे विचारलं की त्यांना लिफ्ट येते.

साखळी तेलातच राहते हे खरं आहे. त्यामुळे पुढचं सील पाझरलं तरी तेल बाहेर अंगणात पडतं, साखळीला इजा नाही. आता काही इंजिनांत बेल्टसुद्धा तेलात बुडवून ठेवायची टूम निघाली, फोर्डच्या १ लिटर इकोबूस्टमध्ये तसा होता. त्या बेल्टचं रबर त्यासाठी वेगळं केलेलं असतं. एका जातीच्या बेल्टला तेल म्हणजे मरण आणि दुसऱ्याला आंघोळ, हे ऐकून आमचा साखळी पंथ आणखीच चेकाळतो.

या पंथाचे प्रमुख आमच्या मजल्यावरचे अमळनेरचे काका. तेल या विषयावर आपला जन्मसिद्ध अधिकार आहे असं ते मानतात, आणि त्याला कारण आहे. सर्जापूर रोडवर दोड्डकन्नेल्लीला विप्रोचं मुख्यालय आहे. ही कंपनी १९४५ साली सुरू झाली ती जळगाव जिल्ह्यात, अमळनेरला. नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, धंदा वनस्पती तुपाचा आणि तेलाचा. अमळनेरच्या ज्या घरांनी तेव्हाचे शेअर सांभाळून ठेवले त्यांचं पुढे काय झालं हे साऱ्या देशाने वाचलं आहे. काकांच्या वडिलांनी शेअरऐवजी वनस्पतीचा डबा घेतला. डबा अजून आहे. त्यात काकू ज्वारी ठेवतात.

"या रस्त्यावरचं मूळ तेल आमचं, भाऊ," असं म्हणून काका खाली वाकतात आणि माझ्या गाडीखालचे डाग तपासतात. २०२५ च्या सप्टेंबरात मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी अझीम प्रेमजींना पत्र लिहून विप्रोच्या सर्जापूर आवारातून मर्यादित वाहतूक जाऊ द्या, लगतच्या रिंग रोडवरची कोंडी ३० टक्क्यांपर्यंत कमी होईल, अशी विनंती केली, तेव्हा काकांची मोठी पंचाईत झाली. एकीकडे गावची कंपनी, दुसरीकडे रोजचं इब्लूर. प्रेमजींनी नम्रपणे नकार कळवला, जागा शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीच्या मालकीची, शिवाय विशेष आर्थिक क्षेत्राचे नियम, आणि कोंडीचा शास्त्रीय अभ्यास होणार असेल तर त्याच्या खर्चाला हातभार लावायची तयारी दाखवली. काकांनी दोन दिवस कोणाशी चर्चा केली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरोबर आहे. फाटक एकदा उघडलं की मग बंद होत नाही." सील न बदलण्याच्या बाजूनेही ते हेच बोलले.

कारण काका 'छेडू नका' मताचे आहेत. हे मत अगदीच टाकाऊ नाही. कोरडं ठणठणीत सील काढायचं म्हणजे त्याच्या कडेत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकायचं. हात जरा सटकला तर दांड्यावर ओरखडा, आणि मग कितीही भारी सील घातलं तरी ते पहिल्या दिवसापासून गळणार. म्हणजे न गळणारं काढून गळणारं बसवल्याचे पैसे आपण देणार. नवं सील वाकडं बसलं, ओठ उलटा दुमडला, मागची स्प्रिंग ठोकताना निसटली, असे अपघात होतात. शिवाय सगळी सीलं एका स्वभावाची नसतात. रबरी ओठाला बसवण्याआधी तेलाचं बोट लावावं लागतं. टेफ्लॉनच्या ओठाचं सील कोरडंच बसवायचं आणि काही तास इंजिन चालू न करता तसंच ठेवायचं. घाईचा माणूस दोघांनाही सारखंच वागवतो.

आणखी एक भानगड. गळतीचा आळ नेहमी सीलवर येतो, पण चोर पुष्कळदा वरचा असतो. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट पाझरतं, तेल कडेने उतरत कॅम सीलपाशी येतं, आणि खालचा पकडला जातो. किंवा इंजिनाचा ब्रीदर काजळीने तुंबलेला असतो, आतला दाब बाहेर पडायला वाट नसते, आणि तो सगळ्यांत मऊ जागेतून, म्हणजे सीलच्या ओठातून, तेल बाहेर ढकलतो. तिथे सीलं बदलत बसलं तर सीलवाल्याचं घर होतं. आमच्या मेस्त्रीने आधी ब्रीदरचा पाइप काढून फुंकून बघितला तेव्हाच मला त्याच्याबद्दल भरवसा वाटला. चेहऱ्यावर काजळीचा एक गोल उमटला होता, तो त्याने दिवसभर तसाच ठेवला.

तर छेडावं की छेडू नये? माझं मत असं झालं आहे की ज्याच्या हाताची खात्री नाही त्याच्याकडून सीलच काय, बेल्टही बदलून घेऊ नये. आणि ज्याच्या हाताची खात्री आहे त्याला 'सील राहू दे' म्हणण्यात काही शहाणपण नाही. काकांना हे पटलेलं नाही, पण त्यांची साखळी असल्यामुळे त्यांच्या मताला या प्रकरणात मतदानाचा हक्क नाही.

सीलं आणायला मेस्त्रीने मला जे.सी. रोडला पाठवलं. म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराजेंद्र यांच्या नावाचा हा रस्ता, आणि महाराजांना कल्पना नसेल इतके सुटे भाग तिथे टांगलेले आहेत. दुकानदाराने गाडीचं नाव विचारलं नाही. जुन्या सीलवर कोरलेले तीन आकडे विचारले. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. एवढ्यावर जवळजवळ कुठलंही सील मिळतं. मग त्याने एकसारख्या दिसणाऱ्या तीन कड्या काउंटरवर ठेवल्या आणि तीन भाव सांगितले. फरक काय, असं विचारल्यावर एकेकीवर बोट ठेवत म्हणाला, "ये कंपनी का. ये कंपनी जिससे लेती, उसका. और ये, आप पूछे इसलिए दिखाया." मी मधली घेतली. यालाच मध्यमवर्ग म्हणतात.

परत येताना दीड तास लागला, त्याचं कारण सांगायला हवं. आमच्या भागातला रस्ता तेव्हा पाण्याच्या पाइपसाठी खणला होता. पाइप टाकला, माती लोटली, वर डांबराचा पातळ थर दिला. थर वाळायच्या आत विजेची केबल टाकणारे आले. त्यांनी तोच चर खणला, बुजवला. मग गॅसची पिवळी पाटी लागली. मग एका रात्री कोणीच पाटी न लावता खणलं, ते बहुधा इंटरनेटवाले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं इंटरनेट गेलं. एकाच चराला एवढ्या वेळा उघडताना यांतल्या एकालाही दुसऱ्याला फोन करून असं म्हणावंसं वाटलं नाही की, अण्णा, उघडलंच आहे तर तुमचंही टाकून घ्या. टँकर आणि पीजीच्या फटीत बसून पान्याने पाठ खाजवणारा एक माणूस जे रोज चार गिऱ्हाइकांना समजावतो, ते या रस्त्यावर एवढ्या जेसीबींना मिळून सुचत नाही. आता हेब्बाळ ते सर्जापूर ३७ किलोमीटरच्या मेट्रोला राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. म्हणजे रस्त्याचं इंजिन ओव्हरहॉल. तेव्हा तरी खाली काय काय टाकायचं राहिलंय याची एक यादी करून ठेवावी, आणि हवं तर आमच्या मेस्त्रीकडून एस्टिमेट करून घ्यावं. तो तळाशी दोन किरकोळ ओळी आठवणीने घालेल.

गॅरेजात परतल्यावर मेस्त्रीने मला हाक मारून आत बोलावलं. जुनं क्रँक सील काढून हातावर ठेवलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. "दबाके देखो." दाबलं. नवं सील रबरासारखं दबत होतं, जुनं बटणासारखं टणक होतं. गळत नव्हतं, पण ओठात जीव राहिला नव्हता. मग त्याने टॉर्च मारून दांडा दाखवला. सील जिथे बसत होतं तिथे पोलादावर एक बारीक चकाकती रेघ पडली होती. मऊ रबर आणि त्यात अडकलेली धूळ यांनी मिळून पोलाद खाल्लं होतं. नवा ओठ त्याच खाचेत बसला तर काय उपयोग? म्हणून त्याने नवं सील जुन्यापेक्षा मिलिमीटरभर बाहेर बसवलं, म्हणजे ओठाला कोरी जागा मिळावी. ठोकायला जुनंच सील वर धरलं आणि चारी बाजूंनी हलके टोले दिले. मग चक्रं, बेल्ट, पांढऱ्या रंगाच्या खुणा, आणि शेवटी पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानेच सावकाश दोन फेरे फिरवलं. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. तो हसला नाही, पण चहा सांगितला.

चहा घेताना मला आठवलं की क्रँकला दोन टोकं असतात. पुढचं सील झालं, मग मागचं?

"वो गिअरबॉक्स के पीछे छुपा हुआ है सार्. गिअरबॉक्स उतारे तो हैइच. क्लच जब जाता ना, तब खोलेंगे, तब डाल देंगे."

क्लच कधी जाईल, असं मी सहज विचारलं.

त्याने ग्लास खाली ठेवला. "आप रोज इब्लूर सेइच जाते ना सार्?"

मी हो म्हटलं. त्याने खिशातून तेलकट डायरी काढली, कानावरची पेन्सिल घेतली आणि विचारलं, "आयुध पूजा के पहले लिखूँ, या बाद में?"